अंगणवाडीत कागदाच्या घड्या: अर्जापासून आंब्यापर्यंत

यंदाच्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर कागदाच्या घड्यांचा उपक्रम केला. ओरिगामी म्हटलं की मोठं वाटतं, म्हणून आम्ही त्याला 'घड्या'च म्हणत होतो. त्याआधी बरेच दिवस मी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होते: बाहेरच्या माणसाला अंगणवाडीत मुलांबरोबर काही करायचं असेल तर परवानगी कुणाची लागते? कुणी सांगितलं, सरळ जाऊन बसा, कोण विचारतंय. कुणी सांगितलं, जिल्हा परिषदेत जावं लागेल. दोन्ही चूक निघालं. काय झालं, किती थांबावं लागलं, किती पैसे लागले आणि कोणत्या घड्या मुलांना खरंच जमल्या, ते क्रमाने लिहिते आहे.

माझं डी.एड. झालेलं आहे, पण नोकरी छापखान्यात आहे, हिशेबाची. बायंडिंगच्या टेबलाशेजारीच माझी खुर्ची असल्यामुळे कागद रोज हाताखालून जातो. आम्ही राहतो ते भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात. इथला उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मार्च संपता संपता दहा वाजल्यानंतर मुलांना अंगणात सोडता येत नाही. अंगणवाडीची वेळ सकाळची होते, पण खेळ मात्र एका खोलीत कोंबावे लागतात. आमच्या अंगणवाडीच्या ताई एकदा सहज म्हणाल्या, "बसून करता येईल असं काही सुचव ना. गाणी म्हणून म्हणून पोरं कंटाळली." तिथून हे सुरू झालं.

ताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की त्यांची तोंडी परवानगी चालणार नाही. मुख्यसेविका पाहणीला येतात, खोलीत अनोळखी माणूस दिसला तर उत्तर ताईंनाच द्यावं लागतं. अर्ज द्यायचा तो आपल्या भागाच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने. शहरात नागरी प्रकल्पाचं कार्यालय वेगळं, ग्रामीण भागाचं वेगळं. आपली अंगणवाडी कोणत्या प्रकल्पात आणि कोणत्या बीटमध्ये (म्हणजे एका मुख्यसेविकेच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गटात) येते, हे ताईंना विचारून घ्या. अर्जावर अंगणवाडीचा क्रमांक घातला की खिडकीवर पुढचे प्रश्न येत नाहीत.

१२ मार्चला मी अर्ज घेऊन गेले. साधा एका पानाचा. त्यात माझं नाव-पत्ता, शिक्षण, कोणत्या वयाची मुलं, आठवड्यातून कोणत्या दिवशी किती वेळ, कोणतं साहित्य, आणि मुलांकडून किंवा पालकांकडून एक रुपयाही घेणार नाही हे लिहिलं होतं. सोबत आधारची झेरॉक्स आणि डी.एड.च्या प्रमाणपत्राची प्रत. विषयाच्या ओळीत मी 'पूर्वशालेय शिक्षणांतर्गत हस्तकला उपक्रम' असं लिहिलं, आणि माझ्या मते ही ओळ सगळ्यात कामाची ठरली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्या सहा सेवांमध्ये आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषणाचं शिक्षण यांच्याबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण आहे. नुसतं 'क्राफ्ट शिकवायची इच्छा आहे' असं लिहिलं असतं तर तो कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा हाच प्रश्न पडला असता. आता तो सरळ त्या विषयाच्या टेबलावर गेला.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आत जाते, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घालून परत मिळते. ही पोच जपून ठेवा, कारण नंतर चौकशीला जाल तेव्हा नावापेक्षा तो क्रमांक आधी विचारतात.

मग थांबणं. मार्चअखेर होती. बिलं, खर्चाचे ताळमेळ, वर्षाचे अहवाल, सगळं त्याच पंधरवड्यात. खिडकीवरच्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलं, "ताई, तुमचं काम होईल, पण एप्रिल लागल्याशिवाय साहेबांपुढे फाईल जाणार नाही." चिडण्यासारखं काही नव्हतं. तरीही त्या दिवसांत मन खालीवर होत राहिलं. मोकळा वेळ घालून, फुकट काहीतरी द्यायला निघालेल्या माणसाला दारात उभं राहावं लागतं तेव्हा वाटतं की आपली गरजच नाही कुणाला. आता वाटतं, लहान मुलांच्या खोलीचं दार असं सहज उघडत नाही हेच बरं आहे. माझी मुलगी त्या खोलीत बसलेली असती तर मलाही हेच हवं असतं.

थांबण्याच्या त्या दिवसांत मी कागदाचं काम उरकलं. दुकानात 'ओरिगामी पेपर' म्हणून तयार चौरसांची पाकिटं मिळतात, पण ती महाग पडतात. त्याऐवजी घोटीव कागद घ्या, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण वापरायचो तोच. एका बाजूला चकचकीत रंग, दुसरी बाजू पांढरी. आमच्याकडे ताव आठ रुपयांना पडला. ताव साधारण ५० बाय ७५ सेंटिमीटरचा असतो, आणि त्यातून १५ सेंटिमीटरचे पंधरा चौरस निघतात. जपानमध्येही मुलांच्या घड्यांचा कागद बहुधा याच मापाचा असतो. लहान हातांना यापेक्षा छोटा चौरस देऊ नका. वाटतं की छोटी मुलं, छोटा कागद, पण उलट आहे. कागद लहान झाला की कोपरा बोटाखालीच लपतो आणि मुलाला तो दिसत नाही.

हिरवा, पिवळा, लाल, केशरी असे मिळून बारा ताव घेतले, ९६ रुपये झाले. कापायला आमच्या छापखान्यातलं कटिंग मशीन होतं, मालकांनी पैसे घेतले नाहीत. तुमच्या ओळखीचा छापखाना नसेल तरी कुठल्याही बायंडिंगवाल्याकडे जा. हाताने कात्रीने कापू नका. चौरस दोन मिलिमीटरनेही तिरका असला तर कोपऱ्यावर कोपरा बसत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला वाटतं की चूक आपल्या हाताची आहे. कागद काटकोनात कापलेला असणं ही मोठ्यांची जबाबदारी.

चिकटवायला खळ केली, घरी, मैद्याची. बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही आणि ती टिकते. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात घालायचा नाही, तो विषारी असतो आणि या वयात बोट तोंडात जातंच. बिनमोरचुदाची खळ आमच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज सकाळी वाटीभर ताजी. ज्या दिवशी खळ करायला वेळ झाला नाही त्या दिवशी मदतनीस मावशींनी शिजवलेल्या भाताची चार शितं दिली. पतंग चिकटवतात तशी. त्यांनीही काम झालं.

४ एप्रिलला कार्यालयातून फोन आला. ओळख देणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि सह्या हव्या होत्या. एक आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एक छापखान्याचे मालक. ते दिल्यावर मुख्यसेविका मॅडम एकदा अंगणवाडीत येऊन मला भेटल्या. मला वाटलं होतं कागदपत्रं तपासतील, पण त्यांनी माझ्या हातातला एक चौरस घेतला आणि विचारलं, "यातून तीन वर्षांच्या मुलाला काय जमेल ते दाखवा." मी कुत्र्याचं तोंड करून दाखवलं. चौरसाचा त्रिकोण, दोन कान खाली, हनुवटी मागे. मग त्यांनी विचारलं, "हे आकारमध्ये कुठे बसतं?" 'आकार' हा आपल्या राज्यातला अंगणवाडीचा अभ्यासक्रम. मी सांगितलं, बोटांच्या स्नायूंचा विकास, डोळा आणि हात यांचा मेळ, चौकोन-त्रिकोण ओळखणं, लहान-मोठं, वर-खाली, सूचना ऐकून कृती करणं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तुम्ही अर्ज करणार असाल तर हे आधीच अर्जात लिहा, एक फेरी वाचेल.

परवानगीचं पत्र ११ एप्रिलला हातात आलं. अटी होत्या. ताई खोलीत हजर असतानाच उपक्रम करायचा. आहाराच्या आणि वजन-उंचीच्या वेळेत अडथळा नको. लसीकरणाच्या दिवशी येऊ नये. मुलांच्या हातात कात्री, टाचणी, स्टेपलरची पिन द्यायची नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुठेही टाकायचे नाहीत. शेवटी लेखी अहवाल द्यायचा. यातली एकही अट मला जाचक वाटली नाही. फोटोची अट तर प्रत्येकाने स्वतःहून पाळावी अशी आहे. मी फक्त घड्यांचे फोटो काढले, तेही मुलं घरी गेल्यावर.

पहिल्या दिवशी पहिली अडचण पंख्याची निघाली. चौरस वाटले आणि सगळे उडाले. पंखा बंद केला तर खोलीत बसवेना. ताईंनी पाट्या काढल्या. प्रत्येक मुलापुढे एक पाटी, पाटीवर कागद, कागदाच्या एका कोपऱ्यावर बाहेरून आणलेला गुळगुळीत खडा. पंखा मंद ठेवला. पाटीचा आणखी एक फायदा लगेच कळला: घडी दाबायला खाली कडक काहीतरी लागतं. सतरंजीवर कागद ठेवून दाबला तर घडी बसत नाही, फुगलेली राहते. मांडीवर तर नाहीच. यापुढे पाटीशिवाय आम्ही बसलो नाही.

दुसरी गोष्ट घामाची. घोटीव कागदाचा रंग ओल्या हाताला लागतो, लाल सगळ्यात जास्त. अर्ध्या तासाने मुलांचे तळवे मेंदी लावल्यासारखे झाले होते. म्हणून सुरुवातीला हात धुऊन कोरडे पुसायचे, आणि संपल्यावर साबणाने पुन्हा धुवायचे, मगच आहाराला बसायचं, हा नियम मावशींनी घालून दिला आणि त्यांनीच तो पाळून घेतला. लाल कागद मी त्या दिवसानंतर मागेच ठेवला.

आता घड्यांबद्दल, कारण बहुतेक लोक हे वाचायलाच आले असतील.

तीन वर्षांच्या मुलाला दोन घड्या जमतात. चार वर्षांच्या मुलाला तीन-चार. पाच पूर्ण झालेल्याला पाच-सहा, तेही मन लागलं तर. यापुढची घडी मोठ्या माणसाच्या हाताने होते आणि मूल नुसतं बघत बसतं. पुस्तकात 'सोपे' म्हणून दिलेले बरेच नमुने दहा-बारा घड्यांचे असतात, ते प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी ठीक आहेत. अंगणवाडीसाठी नमुना निवडताना चित्र बघू नका, घड्या मोजा.

सांगायची भाषा सुद्धा ठरवून घ्यावी लागते. 'कर्णावर घडी घाला' म्हणून उपयोग नाही. आम्ही 'समोशाची घडी' आणि 'पुस्तकाची घडी' एवढी दोन नावं ठेवली. त्रिकोण म्हणजे समोसा, आयत म्हणजे पुस्तक. घडी दाबायला 'इस्त्री करा'. रंगीत बाजू 'पाठ', पांढरी बाजू 'पोट'. दोन-तीन बैठकींत मुलं एकमेकांना सांगायला लागली, "अगं, पोट वर कर आधी." आणि कोपरा कोपऱ्याला भेटवणं हे या वयाला खरंच अवघड असतं, कारण एका हाताने कोपरा धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दाबायचं, ही दोन हातांची दोन वेगळी कामं आहेत. त्यासाठी मी आदल्या रात्री अर्ध्या चौरसांवर घडी मारून, उलगडून ठेवायचे. मुलाला ती रेघ दिसते, कागद आपोआप तिथे वळतो, आणि तरी घडी मुलानेच घातलेली असते. तीन वर्षांच्या मुलांना असे कागद, मोठ्यांना कोरे.

सगळ्यात यशस्वी झालं ते कलिंगड. हिरवा घोटीव कागद, हिरवी बाजू वर, एक कोपरा आपल्याकडे. वरचा कोपरा खाली आणायचा, पण खालच्या कोपऱ्याला भेटवायचा नाही, दोन बोटं आधीच थांबवायचा. पांढरा त्रिकोण दिसतो आणि त्याच्या खाली दोन्ही बाजूंना हिरवी कड राहते. ती कलिंगडाची साल. मग खालचं टोक आणि दोन्ही बाजूंची टोकं मागे दुमडली की फोड गोलसर होते. पांढऱ्या भागावर मुलांनी लाल खडूने रंग भरला आणि काळ्या स्केचपेनाने बिया काढल्या. इथे 'कोपऱ्याला कोपरा' नसल्यामुळे चूक होण्याची जागाच नाही. कुणाची साल जाड, कुणाची बारीक, सगळी कलिंगडंच. पावणेचार वर्षांची एक मुलगी, जी पहिल्या बैठकीत कागदाला हातच लावत नव्हती, तिने या फोडीवर बिया काढायला सुरुवात केली आणि पांढरी जागा संपेपर्यंत थांबली नाही. जीभ ओठांच्या कडेला, नाक पाटीला टेकलेलं. प्रत्येक बीला ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी कान दिला तर "ही आईची, ही दादाची, ही माझी" चाललं होतं. त्या दिवशी पुढची घडी मी रद्द केली. मला तिला घाई करायची नव्हती.

आंबा त्याहून सोपा. पिवळा चौरस, पोट वर. चारही कोपरे आत दुमडायचे, पण सारखे नाही: वरचे दोन थोडे, खालचा एक जास्त, उरलेला मधला. उलटा केला की आंबा. हिरव्या कागदाचं पान मावशी कापून द्यायच्या आणि मुलं खळीने चिकटवायची. कोपरा कितीही कमी-जास्त झाला तरी एखाद्या जातीचा आंबा होतोच. आमच्या खोलीत हापूस, केसर, तोतापुरी सगळे निघाले आणि मुलांनीच नावं दिली.

बर्फाच्या गोळ्यासाठी चौरसाची समोशाची घडी घालून उलगडायची, म्हणजे मधली रेघ मिळते. मग खालच्या दोन्ही कडा त्या रेघेशी आणायच्या, वरचं टोक पुढे दुमडायचं, आणि वरच्या भागावर हवा तो रंग. जपानमधल्या बालवाड्यांमध्येही उन्हाळ्यात मुलांकडून बर्फाच्या कीसाची वाटी, गोल्डफिश, कलिंगड असे नमुने करून घेतात, आणि ७ जुलैच्या तानाबाता सणाला कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही गरमीच आहे." मग आम्हीही आमच्या दारातल्या निंबाच्या फांदीला आंबे आणि कलिंगडं टांगली. सुतळीला गाठ मारायचं काम मोठ्या मुलांनी केलं.

पंखा सगळ्यांना हवा असतो, पण तो चार वर्षांखालच्या मुलांना जमत नाही. एक घडी पुढे, एक मागे, हे आलटून-पालटून करणं त्यांना कळत नाही, सगळ्या घड्या एकाच बाजूला जातात आणि गुंडाळी होते. उपाय असा की घडी नेहमी पुढेच घालायची, आणि प्रत्येक घडीनंतर आख्खा कागद उलटा करायचा. 'घडी, पलटी, घडी, पलटी' असं म्हणत आम्ही केलं आणि पाच वर्षांची मुलं तालात आली. बूड चिमटीत धरून वर चिकटपट्टी, बाजूला आईस्क्रीमची काडी. या पंख्यांनी खरंच वारा येतो, म्हणून ते घरी गेले आणि आयांनीही वापरले.

वर्तमानपत्राची टोपी आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात केली. टोपी तीन ते सहा सगळ्यांना हवीच होती, म्हणून इथे दोन घड्या माझ्या आणि बाकीच्या मुलांच्या. लहान डोक्याला वर्तमानपत्राचं एकच पान पुरतं, जोडपान घेतलं तर टोपी खांद्यावर येते. छापील पानाची शाई घामाने कपाळावर उतरते, त्यामुळे जमलं तर छापखान्यातून रिळाच्या शेवटचा कोरा कागद मागून आणा. बहुतेक ठिकाणी तो रद्दीतच जातो. वर्तमानपत्राच्या टोप्या आणि रद्दीतून करायच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचं काम सगळ्यांनी बघावं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांबरोबर हेच केलं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकंही फुकट मिळतात. मी टोपीच्या घड्या तिथूनच पक्क्या केल्या.

होडीबद्दल वेगळं सांगते, कारण प्रत्येक पालकाने पहिला प्रश्न तोच विचारला: "होडी शिकवली का?" आपल्याला वाटतं होडी सोपी, कारण आपले हात ती न बघता करतात. पण तिच्यात टोपी करून, ती उघडून, चौकोन करून, पुन्हा दुमडून, मग टोकं ओढायची असतात. उघडून चपटं करण्याची ती पायरी या वयात जमत नाही, आणि ओढताना कागद फाटतो. म्हणून होडी मुलांबरोबर केलीच नाही. मेअखेरीस एका सकाळी आया, आज्या आणि मोठी भावंडं बोलावली आणि त्यांना होडी आठवून दिली. एका आजीबाईंना मला शिकवावंच लागलं नाही, उलट त्यांनी दुहेरी तळाची होडी मला दाखवली.

ताईंचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. मी गेल्यावर त्या हे कसं चालू ठेवणार? मे महिन्यात ताई आणि मावशी आळीपाळीने सुट्टीवर होत्या, त्यामुळे दोघींनाही सगळं यायला हवं होतं. मी एका कार्डशीटवर प्रत्येक नमुन्याच्या पायऱ्या खऱ्या कागदाने चिकटवल्या: पहिली घडी झालेला कागद, दुसरी झालेला, शेवटचा. शेजारी रेघा आणि बाण. पुस्तकांत तुटक रेघ दिसली की घडी आपल्या बाजूला घालायची, आणि रेघ-टिंब-रेघ दिसली की मागे. जपानच्या अकिरा योशिझावा यांनी १९५४ च्या पुस्तकात ही रेघा-बाणांची पद्धत मांडली आणि आज जगभरातली घड्यांची पुस्तकं तिच्यावरच चालतात. एवढं कळलं की कुठल्याही भाषेतलं पुस्तक वाचता येतं. मावशी शाळेत फार शिकलेल्या नाहीत, पण बाण बघून त्यांनी मला न विचारता मासा केला.

पालकांच्या सभेत एका वडिलांनी विचारलं की यापेक्षा पोरांना ए-बी-सी-डी का नाही शिकवत. हा प्रश्न तुम्हालाही येईल. मी त्यांना सांगितलं की लहान मुलांच्या शिक्षणात कागदाच्या घड्या काही आज आलेल्या नाहीत. जर्मनीत फ्रिड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली, तिथल्या हातकामात घड्या होत्या, आणि १८७६ मध्ये टोकियोत फ्रोबेलच्या पद्धतीची बालवाडी सुरू झाल्यावर त्या तिथल्याही शिक्षणात आल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला, महागडी साधनं न घेता, आजूबाजूला मिळेल त्यातून मुलांना शिकवलं. पेन्सिल धरायची तीच तीन बोटं घडी दाबताना काम करतात. आधी बोटांत जोर येऊ द्या, अक्षर मागून येईल. त्या वडिलांना माझं पटलं की नाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलाने घरी नेलेलं कलिंगड त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला चिकटवलेलं होतं.

खर्चाचा हिशेब सांगते. घोटीव कागद दोनदा आणला, मिळून १६८ रुपये. खडू, स्केचपेन आणि चिकटपट्टी २१० रुपये. आईस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट ५० रुपये. मैदा घरचा. झेरॉक्स आणि कार्डशीटचे ६० रुपये. पाचशेच्या आतच झालं सगळं. उरलेला कागद मी ताईंना तसाच दिला नाही, त्याची नोंद साठा नोंदवहीत करून सही घेतली. बाहेरच्या माणसाने दिलेली वस्तू नोंदीशिवाय खोलीत राहिली तर तपासणीत ताईंना उत्तर द्यावं लागतं, म्हणून ही सही विसरू नका.

अहवाल २ जूनला दिला. दोन पानं: कोणत्या वयाला काय जमलं, काय जमलं नाही, साहित्य, खर्च, आणि ताईंचा अभिप्राय. 'काय जमलं नाही' हा भाग मुख्यसेविका मॅडमनी सगळ्यात आधी वाचला आणि पंख्याची 'घडी, पलटी' युक्ती बीटमधल्या बाकीच्या सेविकांना मासिक बैठकीत दाखवायला सांगितली. बैठकीत मी कलिंगड, आंबा आणि पंखा एवढेच तीन नमुने नेले, कारण तासाभरात तेवढेच नीट होतात. तिथे दोन सेविकांनी अर्जाचा नमुना मागून घेतला. तुम्ही पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज करणार असाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करा, मार्चअखेरीत अडकणार नाही. ओळख देणाऱ्यांच्या सह्या पहिल्याच दिवशी जोडा, आणि घोटीव कागद मार्चमध्येच आणून ठेवा. आमच्याकडे एप्रिल संपता संपता पिवळा ताव दुकानात शिल्लकच नव्हता.